निळ्या पाटीवरचं अक्षर फॉन्टमध्ये आणताना काय घ्यायचं आणि काय पाटीवरच सोडायचं

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे कळेल. आजोळचा वाडा उतरवताना तुम्हाला इनॅमलच्या अकरा जुन्या पाट्या मिळाल्या, निळ्यावर पांढरी अक्षरं, सात नुसत्या मराठी आणि चार मराठी-इंग्रजी. त्यावरून देवनागरीचा एक सॅन्स फॉन्ट करायचा असं ठरवून तुम्ही मोबाईलवर फोटो काढले, अक्षरांच्या कडा जशाच्या तशा गिरवल्या, तीसेक अक्षरं झाली, आणि शब्द टाईप केल्यावर मात्र पाटी बघून जे आवडलं होतं त्यातलं काहीच दिसेना, उलट अक्षरं आजारी वाटायला लागली. म्हणून तुम्ही विचारताय की कोपऱ्यांची गोलाई किती ठेवायची आणि पाट्यांवर नसलेली अक्षरं आणायची कुठून.

दोन्हीची उत्तरं देतो, पण त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून गेलाय आणि खरी अडचण तिथंच आहे असं मला वाटतं. तुम्ही जे गिरवलंत त्यात तीन गोष्टी मिसळल्यात. अक्षर काढणाऱ्या माणसाचा हात, मग भट्टीनं त्या अक्षराचं काय केलं ते, आणि नंतरच्या कित्येक वर्षांत ऊन-पाऊस-गंज आणि पोरांच्या दगडांनी काय केलं ते. फॉन्टमध्ये पहिलं सगळं यायला हवं, दुसरं थोडंसं, तिसरं अजिबात नको. कुणाला मुद्दाम झिजलेला फॉन्ट करायचा असेल तर त्याचं गणित वेगळं, पोस्टरवर तो छान दिसेलही, पण तुम्ही लिहिलंय की दिवाळी अंकाची शीर्षकं आणि जमलं तर मजकूरसुद्धा त्यात लावायचाय, म्हणून मी त्याच हिशोबानं बोलतोय.

हे तीन वेगळे कसे करायचे, तर आधी पाटी कशी बनते ते बघा. लोखंडी पत्रा घासून साफ करतात, त्यावर काचेच्या भुकटीचा पहिला थर देतात, हा थर सहसा गडद असतो आणि त्यात कोबाल्ट असतं कारण त्यानं काच लोखंडाला धरते. तो भट्टीत साधारण ८०० अंशाला भाजतात. मग पांढरा थर, परत भट्टी. मग पांढऱ्यावर सगळीकडे निळा थर, तो वाळला की त्याची नुसती पावडर बसलेली असते, त्यावर अक्षरं कापलेली स्टेन्सिल ठेवून ब्रशनं अक्षरांच्या जागेची निळी पावडर झाडून टाकतात, आणि पुन्हा भट्टी. म्हणजे तुमच्या पाटीवरचं पांढरं अक्षर बहुधा कुणी पांढऱ्या रंगानं लिहिलेलंच नाहीये, आजूबाजूचा निळा काढून खालचा पांढरा उघडा केलाय. हे तपासायला काही लागत नाही, नख फिरवून बघा. अक्षर किंचित खोलात लागलं तर या पद्धतीची पाटी, उंच लागलं तर अक्षर वरून चढवलेलं. मी कुठलीही पाटी हातात आली की आधी नख फिरवतो, डोळ्यांनी बघायचं काम नंतर.

आता भट्टीत काय होतं, तर काच वितळते आणि पातळ झालेली काच कडेला टोक राहू देत नाही, ते ओढून घेते. म्हणून स्टेन्सिल कापणाऱ्यानं कोपरा धारदार कापलेला असला तरी भाजून बाहेर येताना तो मऊ होतो, आणि काना जिथं शिरोरेघेला मिळतो त्या आतल्या खाचेतसुद्धा तेच होतं. तुम्हाला जी ऊब वाटतेय ती बरीचशी इथून आलीये.

हात आणि भट्टी वेगळी ओळखायची माझी पद्धत साधी आहे. सारख्या मजकुराच्या दोन पाट्या शोधा. तुमच्याकडे ‘खोली नंबर’च्या तीन आहेत म्हणता, म्हणजे सोन्यासारखं काम झालं. त्या एका स्टेन्सिलवरच्या असतील तर तिन्हींवर जे सारखं आहे ते स्टेन्सिल कापणाऱ्याचं, आणि जे एकीवर आहे आणि दुसरीवर नाही ते भट्टीचं नाहीतर काळाचं.

मला हे कळायला एक ळ कारणीभूत झाला. एका धर्मशाळेच्या पाटीवर तो होता, डावी वाटी उजवीपेक्षा जरा लहान, आणि उजव्या वाटीच्या तळाशी निळं थोडं आत घुसलेलं, त्यामुळे ती वाटी खाली बसल्यासारखी दिसायची. मला ते फार आवडलं, महिनाभर त्या बसक्या वाटीवरून मी बाकीच्या अक्षरांचे गोल ठरवत होतो. मग त्याच धर्मशाळेच्या मागच्या दाराची पाटी बघायला मिळाली, तोच मजकूर, तीच स्टेन्सिल, आणि तिथं उजवी वाटी स्वच्छ गोल. निळी पावडर ओघळून भाजली गेली होती, बाकी काही नाही. पण डावी वाटी दोन्हीकडे लहानच होती. ती माणसाची होती. मग मी सगळे गोल पुन्हा काढले आणि डावी वाटी लहान ठेवायची सवय मात्र पूर्ण फॉन्टभर पाळली, आणि त्यानंतरच त्या फॉन्टला चेहरा आला.

तर गिरवणं थांबवा आणि पाट्यांकडे परत जा. मोबाईलचा फोटो मापासाठी वापरू नका. एक तर लेन्स कडेची अक्षरं ताणते, आणि दुसरं म्हणजे या पाट्या सपाट नसतात, बऱ्याच पाट्यांना मध्ये मुद्दाम फुगवटा दिलेला असतो आणि भट्टीत पत्रा थोडा वाकतोही, त्यामुळे कडेचं अक्षर फोटोत अरुंद दिसतं आणि तुम्ही समजता की स्टेन्सिल कापणाऱ्यानं ते अरुंद काढलं. पाटी टेबलावर ठेवा, वर ट्रेसिंग पेपर चिकटवा, टोकदार पेन्सिलनं रेघा घ्या, बाजूला मिलिमीटरची पट्टी धरून स्कॅन करा. अकरा पाट्यांना एक रविवार पुरेल. टवका उडालेल्या जागा ट्रेसिंगवर तुटक रेघेनं दाखवा, नाहीतर आठवड्यानं तुम्हीच विसराल की हा खड्डा कुठून आला. टवका ओळखायला सोपा असतो, त्यात आधी तो गडद थर दिसतो आणि मध्ये गंज, घरातल्या जुन्या इनॅमलच्या टमरेलाला असतो तसाच.

आता जाडी. हा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण तुम्ही पाठवलेल्या शब्दाच्या फोटोत मला सगळ्यात आधी हेच दिसलं. पांढरं अक्षर गडद निळ्यावर फुगून दिसतं, तेच अक्षर काळ्यात पांढऱ्या कागदावर लावलं की रोडावतं. माझ्या एका पाटीवर शिरोरेघेपासून पायापर्यंत अक्षराची उंची ६० मिलिमीटर आणि कान्याची जाडी ७ मिलिमीटर होती. फॉन्टमध्ये (तिथली अख्खी चौकट १००० युनिटची धरतात) मी उंची ६२० युनिट धरली तर हिशोबानं काना ७२ युनिटचा आला, आणि छापल्यावर तो उपाशी माणसासारखा दिसला. ८४ वर नेल्यावर पाटीसारखा वाटायला लागला. म्हणजे मापानं खरं ठेवलं तर डोळ्याला खोटं वाटत होतं. तुमचा आकडा वेगळा येईल, निळा किती गडद आहे, कागद कुठला, स्क्रीन की छपाई, यावर ते आहे, पण पाटीवरची जाडी जशीच्या तशी उचलू नका एवढं नक्की.

आणि ‘सॅन्स’ म्हणताना देवनागरीत आपण काय म्हणतोय तेही पक्कं करा. रोमन अक्षराला टोकाचे पाय असतात ते काढले की सॅन्स झालं, आपल्याकडे तसे पाय नाहीतच. आपल्याकडे जाड-बारीकपणा येतो तो बोरूच्या तिरक्या कापातून, आणि निर्णयसागर छापखान्याच्या धातूच्या खिळ्यांमध्येही तो बोरूच दिसतो. पाटीवर तो नाही कारण स्टेन्सिल कापणारा सगळीकडे एकसारखी पट्टी कापत गेला. म्हणजे आपण खरं तर सम जाडीच्या अक्षराबद्दल बोलतोय. पण सम जाडी म्हणजे सगळीकडे तोच आकडा असं समजलात तर म आणि भ ची गाठ काळी गुठळी होऊन बसेल. पाटीवरच्या म कडे भिंग लावून बघा, गाठीपाशी पट्टी बारीक केलेली दिसेल, दिसली नाही तर गाठ बुजलेली दिसेल. मी काना ८४, शिरोरेघ ७६, गाठीच्या आत ६४ पर्यंत जातो, आणि द्ध, क्ष, ज्ञ, ष्ट्र असल्या ठिकाणी ५८ पर्यंतसुद्धा. वाचणाऱ्याला ते सगळं एकाच जाडीचं वाटतं, आणि तेच हवंय.

ही अडचण फक्त आपली नाही. प्रशियाच्या रेल्वेनं १९०५ मध्ये पाट्यांसाठी अक्षराचा नमुना ठरवला, त्यातून पुढे १९३६ मध्ये जर्मनीचं डीन १४५१ हे प्रमाण आलं, त्यात सगळं पट्टी-कंपासवर, जाडी एकसारखी, कुणालाही काढता यावं म्हणून. रस्त्यावरच्या इनॅमलच्या पाटीला ते बरोबर होतं. पण १९९५ मध्ये आल्बर्ट-यान पूल यांनी त्यावरून एफएफ डीन हा फॉन्ट केला तेव्हा आडव्या रेघा उभ्यांपेक्षा बारीक केल्या आणि कंपासचे गोल हातानं सुधारले, म्हणून तो मासिकांत लावता येतो. लंडनच्या भुयारी रेल्वेचंही तसंच, एडवर्ड जॉन्स्टन यांचं १९१६ चं अक्षर त्या गोल पाट्यांवर शोभायचं, तरी १९७९ मध्ये एइची कोनो यांना ते नव्या कामांसाठी पुन्हा काढावं लागलं. दोघांनीही मूळ अक्षराचा मान ठेवला आणि मापं बदलली.

बरं, आता गोलाई. गणित करून बघू. माझ्या त्या ६० मिलिमीटरच्या अक्षराच्या कोपऱ्याची त्रिज्या साधारण १ मिलिमीटर भरली. ६२० युनिटच्या उंचीत ती १० युनिटच्या आसपास येते. १००० युनिटच्या चौकटीचा फॉन्ट वेबपेजवर १६ पिक्सेलला लावला तर १० युनिट म्हणजे ०.१६ पिक्सेल, ते कुणालाही दिसणार नाही, फक्त अक्षराची कड जरा धूसर होईल. तेच २०० पिक्सेलच्या शीर्षकात २ पिक्सेल होतात आणि तिथं ती ऊब खरंच दिसते. म्हणून एकच उत्तर नाही. शीर्षकाचा कट (म्हणजे फॉन्टची आवृत्ती) आणि मजकुराचा कट वेगळे ठेवा, शीर्षकात १० ते १४ युनिट, मजकुरात शून्य. लोक काय करतात की ‘विंटेज’ दिसावं म्हणून ३०-४० युनिट गोलाई लावून टाकतात, मग ते इनॅमल न वाटता साबणाच्या वडीसारखं होतं. तुमच्या सॅम्पलमध्ये मला ३० च्या वर वाटतेय.

आणि शिरोरेघेच्या टोकांना गोलाई लावलीत ना, ती आजच काढा. तुमचे शब्द आजारी दिसण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. पाटीवर शिरोरेघ अख्ख्या शब्दाची एक असते, ती सुरुवातीला आणि शेवटी फक्त दोनदा गोल होते. फॉन्टमध्ये ती अक्षरागणिक तुकड्यांनी जोडली जाते. प्रत्येक तुकड्याची टोकं गोल केलीत की दोन अक्षरांच्या सांध्यावर वर आणि खाली बारीक खाच पडते, ‘नगरपालिका’ टाईप केलं की शिरोरेघ मण्यांच्या माळेसारखी दिसते, आणि छोट्या साईजला ती खाच राखाडी ठिपका होऊन उरते. टोकं सरळ कापा, शिरोरेघ दोन्ही बाजूंनी अक्षराच्या चौकटीबाहेर पाच-दहा युनिट जाऊ द्या म्हणजे शेजारच्याशी ती एकमेकांवर चढेल आणि फट राहणार नाही. शब्दाच्या पहिल्या-शेवटच्या अक्षराला गोल टोक हवंच असेल तर त्याचे वेगळे ग्लिफ (अक्षराचे आकार) काढून कॉन्टेक्स्टुअल अल्टरनेट्सनं, म्हणजे शेजार बघून आकार बदलणाऱ्या सोयीनं, बसवता येतं, मी एकदा केलंय, शीर्षकाच्या कटात शोभतं, पण चाचणी करण्यात तीन आठवडे जातात हे धरून चाला.

नसलेली अक्षरं. तुमच्या अकरा पाट्यांत मिळून तीस-बत्तीस आकार आहेत, आणि नीट मराठी फॉन्टला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा धरून माझ्या कामात चारशेच्या खाली कधी भागलेलं नाही. म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त फॉन्ट तुम्हीच काढणार आहात आणि म्हणूनच मघाशी म्हणालो तसं त्या माणसाच्या सवयी शोधणं महत्त्वाचं. व ची वाटी कशी आहे ती बघितलीत की ब आणि क अर्धे झाले. प मिळाला की ष, फ आणि बराचसा ण. ग आणि म मिळाले की भ. ट वरून ठ, ढ, द. त्या माणसाची वाटी कान्याला कुठं मिळते, वर की मध्यावर, टोकं आडवी कापतो की रेघेच्या दिशेला काटकोनात, र चा पाय किती लांब सोडतो, असल्या सात-आठ गोष्टी एका कागदावर लिहून भिंतीला लावा, आणि नवीन अक्षर काढलं की त्या कागदापुढे धरा. दुसऱ्या कुठल्या फॉन्टमधून किंवा खिळ्यांच्या नमुन्यांतून अक्षर उसनं घेऊन गोल करू नका, त्यातला बोरू लपत नाही.

काही अक्षरांत मात्र पाटी जे म्हणते ते जसंच्या तसं घेण्याआधी थांबा. जुन्या पाट्यांवर अ, झ, ण आणि ५, ८, ९ या अंकांची दोन-दोन वळणं सापडतात, मुंबईकडचं आणि उत्तरेकडचं. ल आणि श चंही तसंच. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श धरलेत, मराठी वाचकाला तेच आपले वाटतात. तुम्ही मराठीसाठी करताय तर मूळ ग्लिफ मराठी वळणाचेच ठेवा आणि हिंदीची वळणं लोकल फॉर्म्समधून, म्हणजे भाषेप्रमाणे आकार बदलणाऱ्या सोयीतून, द्या. बरेच जण उलटं करतात, मग ज्या सॉफ्टवेअरला भाषा सांगितलेली नसते तिथं मराठी माणसाला हिंदी वळणाचा दंडाचा ल दिसतो. पाटीवरचे जुने अंक सुंदर असतील तर ते पर्यायी म्हणून ठेवा, घरनंबरच्या पाट्या करणारे लोक त्यासाठीच फॉन्ट घेतील. आणि ऱ्ह, ऱ्य मधला डोळ्याच्या पापणीसारखा र विसरू नका, ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ शिवाय मराठी फॉन्ट पुरा होत नाही, तसंच ॲ.

वरच्या मात्रांबद्दल थोडं. पाटीची उंची ठरलेली, त्यामुळे अक्षर काढणारे वेलांटी आणि मात्रा चेपून बसवायचे, अनुस्वार तर कधी कधी पाटीच्या काठाला टेकलेला असतो. ती त्या पत्र्याची सक्ती होती, तुमच्यावर ती नाही. वेलांटीला श्वास घेऊ द्या, नाहीतर ‘कीर्तींचा’ सारख्या शब्दात वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकमेकांत अडकतील. पण चेपलेल्या वेलांटीची ती जरा सपाट पाठ मला फार देखणी वाटते, आणि मी ती ठेवतो.

इंग्रजीचं तुम्ही शेवटी घ्या असं सुचवेन. त्या चार पाट्यांवरचं इंग्रजी आणि मराठी एकाच हाताचं आहे का तेही बघा, नेहमी नसतं. एकाच हाताचं असेल तर टोकांचा काप आणि गोलाई जुळवा, उंची जुळवायच्या मागे लागू नका. देवनागरीचा देह कॅपिटलपेक्षा थोडा बुटका आणि स्मॉल अक्षरांपेक्षा उंच ठेवला की ओळ बरी बसते. आणि पाट्यांपैकी एखादीवर कुठल्या कंपनीचं नाव खास वळणात असेल तर ती बाजूला ठेवा, ते तिचं बोधचिन्ह असू शकतं.

सुरुवात कुठून करायची तर चारशे अक्षरांची यादी समोर घेऊ नका. आधी फक्त व, प, म, र, ट, ळ, काना आणि वेलांटी एवढं काढा, त्यातून ‘मळा’, ‘परवा’, ‘वाटप’, ‘टपरी’, ‘पामर’ असे शब्द होतात. ते काळ्यात पांढऱ्यावर आणि पांढऱ्यात निळ्यावर दोन्ही छापा, भिंतीला लावा आणि दहा फुटांवरून बघा. तिथं पाटीची आठवण झाली की पुढे जा. मग ‘राष्ट्र’, ‘शुद्ध’, ‘ऱ्हस्व’, ‘हृदय’, ‘दऱ्याखोऱ्यांत’, ‘सर्वोत्कृष्ट’ हे शब्द, कारण फॉन्ट मोडतो तो अशाच ठिकाणी.

तोवर एक करा. ‘खोली नंबर’च्या तिन्ही पाट्या शेजारी ठेवून संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढून पाठवा, तिन्ही एका फोटोत. तिरपा उजेड पडला की अक्षराच्या कडेची पायरी सावलीनं दिसते. खोलीचा ख आणि नंबरचा र तिन्हींवर सारखे आहेत का ते मला बघायचंय, मग त्या माणसाच्या सवयींची यादी आपण मिळून करू.